उभी कापलेली कॉपी

दुपारी सव्वादोनला मी जेवायला घरी आलो तेव्हा बायको स्वयंपाकघरात उभी होती. फळीवर अंथरलेला कागद तिने काढून हातात धरला होता. डबे सगळे खाली जमिनीवर. मला वाटलं, झुरळ निघालं असेल.

"हा कागद तुमच्या प्रेसचा आहे?" तिने विचारलं.

"हो. कालच आणला. रद्दी शीट आहे."

"मग हे 'पॅच अप रिलेटिव्ह' म्हणजे काय हो?"

मी चपला काढत होतो. म्हटलं, असेल काहीतरी, मास्तरांनी लिहिलंय.

"पॅच अप म्हणजे ठिगळ लावणं, सांधणं," ती म्हणाली. "नातेवाइकाला ठिगळ कुठे लावतात?"

ती हसत होती. मी हसलो नाही. साडेतीनला प्रेसमध्ये त्याच पानाच्या दोन हजार प्रती निघायला सुरुवात होणार होती, आणि त्या पानाच्या प्रुफावर 'वाचलं, बरोबर आहे' म्हणून सही माझी होती.

आता मागचं सांगतो. मी मद्रासला चिंताद्रिपेटमध्ये एका छापखान्यात कंपोझिटर होतो. गोष्ट साठ सालाच्या आसपासची. कंपोझिटर म्हणजे खिळे जुळवणारा. शिशाचं एकेक अक्षर लाकडी खणातून उचलायचं, हातातल्या लोखंडी पट्टीत लावायचं, ओळ झाली की पुढची. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशात दिसतं तसं. दोन वर्षांत डोळ्याला सवय होते. मी चौथी शिकलेला. तीही तमिळ शाळेत. घरी आमची तंजावरची मराठी, ती तुम्हाला जरा वेगळी वाटेल, म्हणून इथे सरळ करून लिहितो. इंग्लिशची सव्वीस अक्षरं मला उलटी-सुलटी पाठ होती. कॉपीत, म्हणजे छापायच्या हस्तलिखितात, जे असेल ते मी अक्षराला अक्षर लावून जुळवायचो. चूक जवळजवळ नसायची. अर्थ मात्र एका ओळीचा कळत नसे.

हे प्रेसमध्ये कोणाला माहीत नव्हतं. एवढं स्वच्छ जुळवतो म्हणजे याला येतच असणार, असं लोक धरून चालले. मीही कधी नाही म्हटलं नाही.

बायकोलाही माहीत नव्हतं. लग्नाला चार महिने झाले होते. ती कुंभकोणमची, मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकलेली. लग्न जमवताना माझ्या मामांनी तिच्या वडिलांना सांगितलं होतं की मुलगा मद्रासला इंग्लिश प्रेसमध्ये आहे, दिवसभर इंग्लिशच असतं त्याच्या हातात. यात खोटं काही नाही. हातात असायचंच. तिच्या वडिलांनी जे समजायचं ते समजून घेतलं. मी तिथे मांडी घालून बसलो होतो. गप्प बसलो.

तर काम काय होतं ते सांगतो. ट्रिप्लिकेनमध्ये शेषाद्री म्हणून इंग्लिशचे मास्तर होते. त्यांनी एक लहान पुस्तक लिहिलं होतं. इंग्लिशमध्ये कुठला शब्द कुठल्या शब्दाबरोबर जातो, त्याचं. आपण नाही का म्हणत, मैत्री जुळते, संबंध तुटतात, अबोला धरतात. अबोला करतात असं कोणी म्हणत नाही. तसंच इंग्लिशचं. आपली मुलं शब्द पाठ करतात पण जोड्या चुकीच्या लावतात आणि मुलाखतीत साहेब हसतात, असं मास्तरांचं म्हणणं. बाजाराचं एक पान, ऑफिसचं एक पान, असं होतं. हे पान माणसामाणसांतल्या संबंधांचं होतं. ओळख, मैत्री, प्रेम, साखरपुडा, भांडण, लग्न, सगळं एका पानावर. डाव्या रांगेत जोडीचा पहिला भाग, उजव्या रांगेत दुसरा. बेचाळीस ओळी.

मास्तरांची मागणी होती की डावी रांग जाड काळ्या टाइपात हवी आणि उजवी साध्या टाइपात. दोन टाइप म्हणजे दोन वेगळे खण. एकाच माणसाने जुळवायचं तर प्रत्येक ओळीला त्याला इकडून तिकडे जावं लागतं. शाळा उघडायच्या आत पुस्तक हवं होतं आणि वेळ थोडा होता. आमचे मेस्त्री, म्हणजे फोरमन, नायकर, त्यांनी मास्तरांचा कागद घेतला, पट्टी ठेवली आणि मधोमध उभा कापला. डावी पट्टी मला दिली, उजवी दुसऱ्या कंपोझिटरला, आरुमुगमला. तुम्ही जाड लावा, तो साधा लावेल, दोन रांगा शेजारी ठेवल्या की पान झालं. कॉपी कापून वाटायची पद्धत सगळ्या प्रेसमध्ये होती. पण आडवी. अर्धं पान तुला, अर्धं मला. उभी कापलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. काम लवकर झालं. मेस्त्री खूश.

रांगा शेजारी ठेवल्या तेव्हा माझ्या बेचाळीस आणि आरुमुगमच्या एक्केचाळीस भरल्या. माझी शेवटची ओळ जोडीशिवाय उरली. 'हॅपिली' असा शब्द होता. मी मेस्त्रींना दाखवलं. ते म्हणाले, मास्तरांनी अर्धवट सोडली असेल, उडवा. मी उडवली. रांगा सारख्या झाल्या. कंपोझिटरला दोन रांगा खाली सारख्या आल्या की बरं वाटतं. मला वाटलं.

आमचे प्रूफरीडर टायफॉइडने आजारी होते. मास्तर मुलीच्या लग्नासाठी गावी गेलेले. मालक मुदलियार मला म्हणाले, "राव, तुम्हाला इंग्लिश येतं ना, तुम्हीच बघून टाका." मी होय म्हटलं. माझी रांग माझ्या पट्टीशी ताडून बघितली. बरोबर होती. आरुमुगमला विचारलं, तुझी बघितलीस का. बघितली म्हणाला. सही केली. छान वळणदार केली.

मग फर्मा मशीनवर चढला. फर्मा म्हणजे लोखंडी चौकटीत घट्ट आवळलेली पानं. आधी दहा-वीस शीट नुसत्या चाचणीसाठी काढतात. दाब कुठे कमी, शाई कुठे जास्त, ते बघतात. त्या शीट रद्दी. आम्ही त्या घरी नेत असू, फळ्यांवर घालायला. दुसऱ्या दिवशी तीनला कागदाची गाडी येणार होती आणि साडेतीनला मशीन सुरू.

हे सगळं मी स्वयंपाकघराच्या दारात एका चपलेवर उभा राहून आठवत होतो.

बायको आता हसत नव्हती. ती बोट ठेवून वाचत होती. "'ब्रेक ऑफ अ ग्रज.' ग्रज म्हणजे मनातला राग, डूख. तो धरतात. मोडतो तो साखरपुडा. तो साखरपुडा इथे वरती 'फॉल'ला लावलाय. साखरपुड्यात पडतात का कोणी? प्रेमात पडतात." मग तिने वर बघितलं. "हे तपासलं कोणी?"

"मी."

"वाचून?"

मी दुसरी चप्पल काढली. आता सांगितलं नाही तर साडेतीन वाजणार होते.

"मला इंग्लिश येत नाही," मी म्हटलं. "अक्षरं येतात."

बाहेर शेजारच्या पोर्शनमधली बाई नळावर भांडी घासत होती, तेवढाच आवाज. मग बायको म्हणाली, "रोज सकाळी अर्धा तास इंग्लिश पेपर तोंडासमोर धरून बसता. काय वाचता?"

"टाइप बघतो. कुठलं अक्षर झिजलंय, कुठे शाई भरलीय, ते."

"चार महिने?"

"चार महिने."

तिने कागद फळीवर पसरला. कानामागे खोचलेली पेन्सिल काढली. धोब्याचे कपडे लिहायची पेन्सिल होती ती. वरून खाली एकेक ओळ वाचत गेली. पहिल्या एकवीस-बावीस ओळींना काही केलं नाही. मग एका ठिकाणी थांबली आणि रेघ मारली. "इथून बिघडलंय. 'मेक इन लव्ह' असं नसतं. इथून खालचं एकही खरं नाही. प्रत्येकाची जोडी त्याच्या वरच्याकडे गेलीय."

"म्हणजे उजवी रांग एक ओळ वर सरकलीय," मी म्हटलं.

"ते तुम्हाला कळणार. मला एवढंच कळतं की शेवटी आहे 'डिस्टंट मॅरिड'. लांबचे विवाहित. असे कोण असतात?"

"त्याच्याखाली एक शब्द होता. हॅपिली. मी उडवला."

तिने माझ्याकडे पाहिलं. चार महिन्यांत तिने माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. "हॅपिली मॅरिड," ती म्हणाली. "सुखाने नांदणारे. ते उडवलंत तुम्ही?"

मी ताट वाढ म्हणालो. अजून मला वाटत होतं की जेवून जाऊ. तिने कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. "जेवण पळून जात नाही. आधी मशीन थांबवा."

मी पळत गेलो. घरापासून प्रेस दहा मिनिटं. मी पाच मिनिटांत पोचलो असेन. वाटेत एकच विचार. मुदलियार माणूस वाईट नव्हता, पण खोटं बोललेलं त्याला चालत नसे. आदल्या वर्षी एका मशीनमनला त्याने उभ्या उभ्या काढलं होतं, आजारी असल्याचं सांगून सिनेमाला गेला म्हणून. माझं तर त्याहून मोठं. नोकरी गेली तर बायकोला कुंभकोणमला पाठवावं लागणार. आणि तिथे तिच्या वडिलांना कारण सांगावं लागणार.

कागदाची गाडी वेळेआधीच येऊन दारात उभी होती. हमाल रीम उतरवत होते. मशीनमन शाई लावत होता. मी आधी त्याला हात करून थांब म्हटलं आणि मग मालकाच्या टेबलापाशी गेलो. मेस्त्री तिथेच होते.

"सार, संबंधांचं पान चुकलंय. छापू नका."

मुदलियारांनी चष्मा वर केला. "तुम्हीच वाचलं ना ते?"

"वाचलं नाही. मला इंग्लिश येत नाही. सही केली ती खोटी."

हे एका दमात बोललो. दोन दमात बोललो असतो तर दुसरं वाक्य निघालं नसतं. मेस्त्रींचं तोंड उघडं राहिलं. मालकांनी विचारलं, मग चुकलं हे कोणाला कळलं.

"बायकोला."

आमच्या प्रेसमध्ये पाच-सहा माणसं होती. सगळ्यांचे हात थांबले. मेस्त्री म्हणाले, "वा. आता घरोघरी प्रूफ पाठवू या. भाजी चिरता चिरता बघतील." एक-दोघे हसले. मालक हसले नाहीत. त्यांनाही इंग्लिश बेताचंच येत होतं, पण 'पॅच अप रिलेटिव्ह' तीन वेळा मोठ्याने वाचून ते म्हणाले, हे मला काल दिसायला हवं होतं. तरी एका बाईच्या पेन्सिलीवर फर्मा खोलायला ते तयार नव्हते. पुरावा दाखवा म्हणाले.

पुरावा भिंतीवर होता. काम झालेली कॉपी आम्ही टाकून देत नसू, तारेला खोचून ठेवत असू. मी तारेवरून माझी पट्टी काढली, आरुमुगमची काढली. दोन्ही स्टोनवर ठेवल्या. स्टोन म्हणजे पानं जुळवायचं लोखंडी टेबल, नाव तेवढं दगडाचं. मेस्त्रींनी जिथे कापलं होतं तिथे कडा कडेला लावल्या. मास्तरांचा कागद पुन्हा एक झाला. मग मी लोखंडी पट्टी आडवी धरून एकेक ओळ खाली सरकवत गेलो आणि शेजारी चाचणीची शीट ठेवली. यासाठी इंग्लिश यावं लागत नाही. अक्षरं सारखी आहेत की नाहीत एवढंच बघायचं. ते मला येत होतं.

विसाव्या ओळीला उजवीकडे होतं 'इन टच'. एकविसाव्या ओळीला 'इन टच'. बाविसाव्या ओळीलाही 'इन टच'. गेट इन टच, कीप इन टच, स्टे इन टच. पहिलं म्हणजे संपर्क साधणं, दुसरं संपर्क ठेवणं, तिसरं संपर्कात राहणं. अर्थ मला नंतर कळले. शीटवर 'इन टच' दोनदाच होतं.

आरुमुगमने कपाळावर हात मारला. एकासारख्या एक तीन ओळी आल्या की खणाकडे बघून परत कॉपीकडे बघताना डोळा चुकतो. दुसरी लावली की तिसरी, ते ध्यानात राहत नाही. आमच्या धंद्यातली ही जुनीच चूक. एरवी लगेच सापडते, कारण ओळ अख्खी असली की वाक्य तुटतं. इथे डावा भाग त्याच्यापुढे नव्हताच. उजवा माझ्यापुढे नव्हता.

बायकोने रेघ मारली होती ती तेविसाव्या ओळीवर. चूक बाविसाव्यावर होती. बाविसावी झाली होती 'स्टे फ्रेंड्स', म्हणजे मित्र राहणं. तेही इंग्लिशमध्ये चालतं, म्हणून तिला ती खटकली नाही. हे मी मालकांना सांगितलं, कारण मेस्त्री लगेच म्हणाले होते, बघा, तिचीही एक ओळ चुकली.

"नायकर," मालक म्हणाले, "कागद उभा कापला कोणी?"

मेस्त्री फर्मा सोडवायला मशीनकडे वळले.

पुढचं काम सोपं होतं. फर्मा सोडवला. आरुमुगमने एक 'इन टच' जुळवून दिलं. मी उजवी रांग एक ओळ खाली घेतली. खाली 'हॅपिली' परत जुळवलं आणि ते 'मॅरिड'समोर जाऊन बसलं. पान एका ओळीने लांबलं, म्हणून ओळींमधल्या शिशाच्या बारीक पट्ट्या थोड्या काढल्या. पुन्हा आवळलं, पुन्हा एक शीट काढली. मालकांनी ती हातात घेतली आणि मला म्हणाले, "घरी नेऊन दाखवून या."

मी परत पळत घरी. तिने उभ्या उभ्या बेचाळीस ओळी वाचल्या. "आता बरोबर आहे," म्हणाली आणि दार लावून घेतलं. जेवायला थांबा म्हणाली नाही. मशीन सव्वापाचला सुरू झालं. त्याचा पहिला खडखड आवाज आला तेव्हा मी स्टोनला टेकून खाली बसलो. पोटात काही नव्हतं, पण भूक लागल्याचं तेव्हा कळलं.

मालकांनी संध्याकाळी बोलावलं. मला वाटलं, हिशोब हातात ठेवणार. ते म्हणाले, "खोटी सही पुन्हा केलीत तर घरी जायचं. आज स्वतः येऊन सांगितलंत म्हणून आहात." मग थांबून म्हणाले, "प्रूफरीडर यायला अजून महिना आहे. बाकीची पानं तुमच्या घरी पाठवली तर त्या वाचतील का, विचारा."

सातला घरी गेलो. ताट झाकून ठेवलेलं तसंच होतं. ती चुलीपाशी बसली होती.

"थांबलं?"

"थांबलं. नीट होऊन छापलं."

"नोकरी?"

"आहे."

तिने रसम गरम करायला ठेवलं. मला पाट मांडून दिला. मी दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा ती म्हणाली, "अप्पांनी तुमच्या मामांना सांगितलं होतं की मी फिफ्थ फॉर्म पास आहे."

"हो."

"मी नापास आहे. गणितात. इंग्लिशात होते पास."

मी हातातला घास खाली ठेवला. मग आम्ही दोघं हसलो. ती तोंडाला पदर लावून हसली, मी तसाच. चार महिने मी त्या घरात चोरासारखा पेपर धरून बसत होतो आणि ती माझ्याशी जपून बोलत होती, की एवढा इंग्लिश वाचणारा माणूस, एखादा हिशेब विचारेल. त्या रात्री मला जशी झोप लागली तशी लग्नानंतर लागली नव्हती.

शेषाद्री मास्तर लग्न उरकून आले आणि पुस्तकं घेऊन गेले. दोन दिवसांनी परत आले. पूर्ण पुस्तकात एक चूक सापडली म्हणाले, बाजाराच्या पानावर. आम्ही तारेवरची कॉपी काढून दाखवली. चूक त्यांच्याच हस्ताक्षरात होती. ते चहा पिऊन गेले.

बायको महिनाभर प्रुफं वाचत होती. पुढे कधी रीडर रजेवर गेला की मेस्त्री स्वतः माझ्या हातात गठ्ठा द्यायचे. म्हणायचे, राव, हे अम्मांना. भाजीचं पुन्हा बोलले नाहीत. मला तिने ते एक पान शिकवलं. बाकीचं इंग्लिश मला आजही येत नाही, पण त्या बेचाळीस ओळी येतात, अर्थासकट. पेपर मी नंतरही रोज धरत असे. झिजलेली अक्षरं बघायला. ती शेजारी बसून बातम्या सांगायची.

ती गेल्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. मुलगा पेरुंगुडीला असतो, रविवारी फोन करतो. फोन ठेवताना नात म्हणते, ताता, स्टे इन टच. मी म्हणतो, बरोबर आहे.

आता खिळे जुळवणारा कोणी राहिला नाही, म्हणून हे सांगून कोणाचा फायदा होईल असं वाटत नाही. तरी सांगतो. कॉपी वाटायची असेल तर आडवी कापा. उभी कापू नका. आणि शेवटी एक ओळ जोडीशिवाय उरली तर ती उडवू नका. तिची जोडी वर कुठेतरी आहे. बोट ठेवून वर जात राहायचं.